सोबतची ट्यूब शाबूत आहे ना?

फज्रची नमाज झाली की सायकल घेऊन बाहेर पडणारी मुले-मुली आता आपल्या मोहल्ल्यांतूनही दिसू लागली आहेत. कुणी वीस किलोमीटर फिरून नाश्त्याला घरी परततो, कुणी मित्रांबरोबर घाट चढून येतो. काही जण तर ‘ब्रेव्हे’ नावाच्या लांब पल्ल्याच्या फेरीत भाग घेतात. तिच्यात २०० किलोमीटर अंतर १३ तास ३० मिनिटांत पुरे करायचे असते, आणि ठरलेल्या थांब्यांखेरीज वाटेत कुठेही सोबतच्या गाडीची मदत घेता येत नाही. छंद चांगला आहे. शरीर ही अल्लाहने दिलेली अमानत आहे, ते धडधाकट ठेवणे आपले कामच आहे. आज आम्हाला बोलायचे आहे ते या छंदातल्या एका लहानशा वस्तूविषयी. सीटखालच्या पिशवीत ठेवलेली जादा ट्यूब ती हीच.

पंक्चर झाले तर वाटेत सायकलचे दुकान भेटेलच, असे घरातल्या वडीलधाऱ्यांना वाटते. दुकान भेटते, पण तिथे ट्यूब असते ती बहुधा आपल्या जुन्या काळ्या सायकलीची, २८ × १½ मापाची. हलक्या सायकलीचे चाक ७०० × २५ किंवा ७०० × २८ अशा मापाचे. शिवाय तिच्या रिमला बारीक ‘प्रेस्टा’ व्हॉल्व्हपुरते, सुमारे ६ मिलिमीटरचे भोक असते. साध्या ट्यूबचा व्हॉल्व्ह ८ मिलिमीटरचा, तो त्यातून जातच नाही. दुकानदार पंक्चर काढून देईल, पण ट्यूब व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटली असेल तर तिथे पॅच धरत नाही. अशा वेळी आधार एकच, आपल्या पिशवीतली ट्यूब.

आणि नेमकी तीच दगा देते. वापरली म्हणून नव्हे, नुसती ठेवून दिली म्हणून.

याचे कारण समजून घेऊ या. साधी ब्यूटाइल रबराची ट्यूब १०० ग्रॅमच्या आसपास भरते, हलकी ट्यूब ६५ ते ७५ ग्रॅम. हे वजन घटते ते रबर पातळ केल्यामुळे. चाकात असताना या पातळ रबराला टायरचे कवच असते. पिशवीत ते नसते. तिथे शेजारी असतात पाने, टायर काढायच्या पट्ट्या, किल्ल्या, सुटे पैसे. प्रत्येक खड्ड्याला या वस्तू हादरतात आणि ट्यूबवर घासतात. ट्यूबचा स्वतःचा व्हॉल्व्हही कमी नाही, त्याचे आटे कानशीसारखे रबर खातात. दुकानातून आणलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यातच ट्यूब ठेवली, तर खोक्याच्या कडा घासतात आणि पावसाळ्यात पुठ्ठ्याचा लगदा होतो. काही महिन्यांनी घडीच्या कडेवर सुईच्या टोकाएवढे भोक पडते. ते डोळ्यांना दिसत नाही. दिसते तेव्हा, जेव्हा मुलगा घरापासून साठ किलोमीटरवर असतो, मगरिबची वेळ जवळ आलेली असते, ‘नवी’ ट्यूब चढवून हवा भरलेली असते आणि चाक पुन्हा खाली बसते.

उपाय फार सोपा आहे, पैसाही लागत नाही. खोके टाकून द्यावे. व्हॉल्व्हचे टोक उघडून, विरुद्ध बाजूकडून ट्यूब गुंडाळत आणावी, म्हणजे सगळी हवा निघून जाते. मग टोक बंद करून प्लॅस्टिकची टोपी लावावी आणि व्हॉल्व्हभोवती चिंधी गुंडाळावी. ट्यूबला थोडी संगजिऱ्याची पूड किंवा साधी टाल्कम पावडर चोळली की रबर रबराला चिकटत नाही. ही गुंडाळी जुन्या मोज्यात घालावी आणि मोजा प्लॅस्टिकच्या पिशवीत. मोज्याचा आणखी एक फायदा. चाक काढताना तो हातावर चढवला की चेनचे ग्रीस हाताला लागत नाही, वुजू करताना खरवडत बसावे लागत नाही.

अवजारे वेगळ्या कापडात बांधावीत. पिशवीत काहीही खुळखुळता कामा नये. रिकामी जागा राहिली तर तिथे फडके कोंबावे. तेल, ग्रीस आणि पेट्रोल यांनी रबर फुगते व बिघडते, म्हणून चेनच्या तेलाची बाटली ट्यूबजवळ ठेवू नये. सायकल नेहमी उन्हात उभी राहत असेल, तर पिशवी काढून घरात आणावी.

अलीकडे टीपीयू नावाच्या पदार्थाच्या, ४० ग्रॅमच्या आतबाहेरच्या ट्यूबही मिळतात. त्या टायरबाहेर जास्त फुगवू नयेत, आकार बिघडतो. त्यांना नेहमीचे सोल्युशन-पॅचही चालत नाही, त्यांचे पॅच वेगळे मिळतात. तेही पिशवीत असू द्यावेत.

एवढे करूनही तपासणी हवीच. दर तीन महिन्यांनी ट्यूब बाहेर काढावी, तिला आकार येईल एवढीच हवा भरून रात्रभर ठेवावी आणि सकाळी पाहावी. पुन्हा गुंडाळताना घडी जुन्या जागी न घालता दुसरीकडे घालावी. लक्षात राहावे म्हणून मोहर्रम, रबीउल आखिर, रजब आणि शव्वाल या महिन्यांचा पहिला जुमा ठरवून टाकावा. बारीक भोक सापडले तर ट्यूब फेकू नये, पॅच लावून वापरावी. चांगली वस्तू निष्काळजीपणाने वाया घालवणे हा इसराफच आहे.

उंट बांधू की मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू, असे एका माणसाने विचारले, तेव्हा प्रेषित (स.) यांनी त्याला आधी उंट बांधायला सांगितले, ही हदीस आपण मुलांना लहानपणीच ऐकवतो. पिशवीत ट्यूब आहे, एवढ्यावर समाधान मानणे म्हणजे दोरी जवळ बाळगून उंट मोकळा सोडण्यासारखे आहे. तवक्कुल तयारीनंतर येते. म्हणून आई-वडिलांनी ‘ट्यूब घेतलीस का?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘शेवटची कधी तपासलीस?’ हेही विचारावे. मुलीला सायकल घेऊन दिली असेल, तर ट्यूब बदलायलाही शिकवावे. भाऊ येईल आणि करील, या भरवशावर तिला रस्त्यावर थांबवून ठेवू नये.

अल्लाह आपल्या मुलाबाळांना प्रत्येक प्रवासातून सुखरूप घरी आणो. आमीन.