आधी हुंडी पाहा

गणपती गेले की आपल्या धंद्यातले फोन वाजायला लागतात. दिवाळीसाठी कार्यालयांच्या ऑर्डरी, आणि यादी ठरलेली: स्नेक प्लान्ट, मनी प्लान्ट, झेडझेड, शेफ्लेरा. पहिली तिन्ही कुठल्याही कोपऱ्यात तग धरतात, म्हणून त्याच कोपऱ्यात चौथाही जाऊन बसतो. संक्रांतीपर्यंत त्याची निम्मी पानं झडलेली असतात आणि आपण गिऱ्हाइकाला सांगतो, "पाणी जास्त झालं हो तुमच्याकडून."

हे वाक्य मीही वर्षानुवर्षं वापरलं. दोन वर्षांपूर्वी एका कार्यालयाला भाड्याने दिलेल्या शेफ्लेराच्या बारा कुंड्या परत आल्या, तेव्हा पहिल्यांदाच त्या ओतून पाहिल्या. वरचं कोकोपीट बोटाला कोरडं लागत होतं. आत मात्र मूळची लाल चिकणमातीची हुंडी, काळ्या पिशवीच्या घड्यांसकट, जशीच्या तशी. मुठीत दाबली तर पाणी सुटेल इतकी ओली, आणि आंबूस वास. मूळ चिमटीत धरून ओढलं की साल निसटून हातात यायची, मागे दोऱ्यासारखा गाभा तेवढा उरायचा.

तिथले माळीकाका रोज बोट लावून बघत होते आणि कोरडं लागलं की पाणी घालत होते. आपणच त्यांना तसं शिकवलेलं. चिकणमातीची बारीक छिद्रं भोवतालच्या भरड कोकोपीटातलं पाणी ओढून घेतात आणि सहजी सोडत नाहीत. त्यामुळे वर वाळवंट, आत डबकं. आणि हीच हुंडी कधी पूर्ण वाळली तर पाणी तिला शिवतही नाही, कडेकडेने थेट बशीत उतरतं. या बारा कुंड्या माळीकाकांच्या हाती जाण्याआधीच बिघडलेल्या होत्या, आणि त्या मी भरल्या होत्या.

या झाडाची खोड त्याच्या शास्त्रीय नावातच आहे. 'आर्बोरिकोला' म्हणजे झाडावर राहणारा. तैवान आणि हैनानच्या जंगलांत तो बऱ्याचदा दुसऱ्या झाडांच्या अंगावर, खोबणीत साचलेल्या पाचोळ्यात वाढतो. पाऊस भरपूर, पण पाणी थांबत नाही आणि मुळांना वारा लागतो. (हायाता यांनी १९१६ मध्ये त्याला 'हेप्टाप्ल्युरम' म्हटलं होतं, मधली कित्येक वर्षं तो शेफ्लेरा झाला आणि २०२० मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला पुन्हा जुन्या घरी धाडलं. आपल्या पाट्या बदलायची घाई नको, गिऱ्हाईक शेफ्लेराच मागणार.) अशा झाडाला लांबच्या वाहतुकीसाठी घट्ट मातीत बांधावं लागतं, हे मान्य. ट्रकमध्ये हुंडी फुटली तर माल गेला. पण ती गरज ट्रकपुरती. कुंडीत ती तशीच का ठेवायची?

दुसरी गोष्ट उजेडाची. भर दुपारच्या उन्हात साधारण एक लाख लक्स उजेड असतो, ५० टक्के शेडनेटखाली त्याच्या निम्मा. खिडकीपासून लांबच्या केबिनमध्ये दोनतीनशे लक्स मिळाले तरी पुष्कळ. मोबाइलवरच्या लक्समीटरने एकदा मोजून बघा. उन्हात तयार झालेलं जाड पान स्वतःच्या पोटालाच इतकं खातं की त्या उजेडात त्याची कमाई पुरत नाही, आणि झाड ते टाकून देतं. फ्लोरिडात अपॉप्का इथे कोनोव्हर आणि पूल या दोघांनी काही दशकांपूर्वीच दाखवून दिलं आहे की विक्रीआधी झाडं दाट सावलीत आणि कमी खतावर ठेवली तर ती घरात गेल्यावर पानं धरून ठेवतात. आपण नेमकं उलट करतो: तकाकी यावी म्हणून शेवटच्या पंधरवड्यात युरिया फवारतो.

झाडं अशी सावलीत ठेवायची तर जागा अडते, ही तक्रार मला ठाऊक आहे. माझीही अडते. पण बारा कुंड्या बदलून देण्यात गेलेला टेम्पो, माणूस आणि नवी झाडं यांचा हिशेब मांडल्यावर ती तक्रार मी तरी सोडून दिली. पिवळ्या छटेचे 'ट्रिनेट' आणि 'गोल्ड कपेला' मात्र कितीही सरावले तरी आतल्या केबिनला देऊ नयेत. त्यांच्या पिवळ्या भागात हरितद्रव्य जवळपास नसतंच; त्यांची जागा खिडकीशी. आत साधा हिरवाच द्यावा. घरी मांजर किंवा रांगतं मूल असेल तर पानं चघळल्यावर तोंडाची आग होते, हेही विकतानाच सांगावं.

अनंत चतुर्दशीपासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण दीड महिना मिळतो. त्यातला पितृपक्ष आपल्याकडे तसाही सामसूम असतो, माणसं मोकळी असतात. त्या दिवसांत शेफ्लेराच्या पिशव्या फाडून घ्या. बांबूच्या काडीने हुंडीचा बाहेरचा तिसरा हिस्सा मोकळा करा, गोल फिरलेली मुळं कापा. सगळी माती धुऊन काढू नका, झाड खचेल. कोकोपीट, जुनं शेणखत आणि विटांचे बारीक तुकडे किंवा परलाइट असं मिश्रण मोकळ्या मुळांत बोटांनी नीट शिरवून भरा. मग ७५ टक्के शेडनेटखाली, खत बंद, आणि पाणी कुंडी उचलून वजन बघूनच. दोनतीन आठवड्यांत काही जुनी पानं गळतील. ती आपल्या नर्सरीतच गळू द्या.