गुमास्त्याची भाऊबीज

दिवाळीसारख्या मोठ्या सणास दुकाने उघडी असावीत की बंद, हा प्रश्न पुष्कळांस क्षुल्लक वाटतो. ज्यास विकावयाचे आहे त्याने विकावे, ज्यास घ्यावयाचे आहे त्याने घ्यावे. त्यात इतरांनी तोंड घालण्याचे प्रयोजन काय, असे म्हणून ते हा विषय झटकून टाकतात. परंतु दुकानात घेणारा आणि विकणारा यांखेरीज तिसरा एक मनुष्य उभा असतोच. कापडाचे तागे उलगडणारा, तराजू धरणारा, पोती उतरविणारा, सकाळी सर्वांआधी येऊन दुकान झाडणारा आणि रात्री सर्वांमागून घरी जाणारा असा तो नोकर. जुन्या भाषेत त्यास गुमास्ता म्हणत, आणि दुकानाच्या नोंदणीस लोक अद्यापि गुमास्ता परवाना म्हणतात. ज्याचे नाव परवान्यास मिळाले, त्याच्या वाट्यास सण किती येतो, एवढेच आज आम्हांस विचारावयाचे आहे.

प्रश्न मुंबई-पुण्याच्या पेठांचाच आहे असे कोणी समजू नये. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील तलवाडा हे गाव घ्या. त्वरितादेवीचे हे स्थान. नवरात्रात दर्शनास लोटणाऱ्या भाविकांस नारळ, हळदकुंकू, ओटीचा खण, लेकरांस खाऊ आणि खेळणे हवे असते. त्या दिवसांत तेथील दुकाने बंद ठेवा असे जो सांगेल त्यास यात्रा म्हणजे काय हेच कळले नाही असे म्हणावे लागेल. हीच गोष्ट साडेतीन मुहूर्तांची. गुढीपाडवा, अक्षय्यतृतीया, विजयादशमी आणि अर्धा मुहूर्त बलिप्रतिपदेचा. या दिवशी काही खरेदी करावी असा आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज आहे. धनत्रयोदशीस सोन्याचांदीचे दुकान आणि लक्ष्मीपूजनास वहीपूजनासाठी व्यापाऱ्याचे दुकान उघडे असणे हा सणाचाच भाग होय. सबब, सण आला की सरसकट सर्व दुकानांस कुलूप लागले पाहिजे, असे आमचे म्हणणे नाही, व ते व्यवहार्यही नाही.

परंतु ज्या सणात खरेदी हा विधी आहे तो सण वेगळा आणि ज्या सणात माणसाने माणसाकडे जाणे हाच विधी आहे तो वेगळा. भाऊबीज या दुसऱ्या जातीची आहे. तिला लागणारे सामान आदल्या दिवशी घेऊन ठेवता येते. त्या दिवशी ज्याच्यावाचून अडते तो एक भाऊ, आणि भाऊ काही बाजारात मिळत नाही. तो जर दुसऱ्याच्या दुकानात गज हातात धरून उभा असेल, तर बहिणीने पाट कोणासाठी मांडावयाचा? आणि अलीकडे दुकानांतून मुलीही काम करतात; त्यांपैकी एखादी सासुरवाशीण असली तर तिचे माहेर त्या दिवशी तिच्यावाचूनच राहते. या दिवसास आमचे पूर्वज यमद्वितीया म्हणत, व यम त्या दिवशी आपली बहीण यमुना हिच्या घरी जेवावयास जातो अशी कथा आहे. ज्याचा धंदा बाराही महिने, आठही प्रहर चालू, ज्याच्या दारी गिऱ्हाइकांची रीघ कधी तुटत नाही, त्या यमालादेखील या एका दिवशी सवड होते. मग आमच्या कापडदुकानास ती का होऊ नये?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मुंबई इलाख्यात दुकानांतील नोकरांसाठी पहिला कायदा १९३९ साली झाला, व पुढे १९४८ सालच्या कायद्याने त्याची जागा घेतली. आमचा बीड जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखालील हैदराबाद संस्थानात होता हे येथील वाचकांस सांगावयास नको. १९४८ च्या त्या मुंबई कायद्याचे सूत्र असे की, आठवड्यातून एक दिवस दुकान बंद राहिले पाहिजे. महाराष्ट्राचा २०१७ चा अधिनियम त्याच वर्षीच्या १९ डिसेंबरपासून अमलात आला आणि त्याने हे सूत्र फिरविले: दुकान आठवड्याचे सातही दिवस उघडे ठेवता येईल, मात्र प्रत्येक कामगारास आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांती मिळाली पाहिजे. म्हणजे पूर्वी सुट्टी दुकानास होती, ती आता माणसास आली. या फरकाचे आम्ही स्वागतच करतो. कारण विश्रांतीची गरज लाकडी फळ्यांस नसून फळ्या उघडणाऱ्या हातांस असते.

परंतु त्याच अधिनियमात पुढे जे म्हटले आहे ते वाचावयास दुकानदारांस सवड झालेली दिसत नाही. कामगारास वर्षातून आठ सणांच्या सुट्ट्या भरपगारी मिळाव्यात. त्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या ठरलेल्या, आणि उरलेल्या चार मालक व कामगार यांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी आपसांत ठरवावयाच्या. अशा दिवशी कामास बोलाविलेच, तर दुप्पट वेतन द्यावे व शिवाय बदली सुट्टीही द्यावी. वाचकांनी ‘शिवाय’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. दोहोंपैकी एक देऊन मोकळे व्हावे अशी मुभा मालकास नाही. आणि ‘उघडे ठेवता येईल’ याचा अर्थ ‘उघडे ठेवलेच पाहिजे’ असा कोणत्याही न्यायालयात होत नाही. परवानगी ही आज्ञा नव्हे. कायद्याने दुकानदारास दार उघडण्याची मोकळीक दिली, नोकराची दिवाळी विकत घेण्याची नव्हे.

खेदाची गोष्ट ही की, या तरतुदींचा हात तलवाड्यासारख्या गावापर्यंत क्वचितच पोहोचतो. २०१७ च्या मूळ अधिनियमाचा भर दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर होता. ती मर्यादा वीसवर नेण्यास राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मान्यता दिली. खेड्यातील किराणा, कापड, भांडी अथवा खतबियाणे यांच्या दुकानात दोनचार माणसे असली तरी पुष्कळ. तेव्हा ज्यांस कायद्याची गरज अधिक, त्यांसच तो उपलब्ध नाही, असा हा प्रकार आहे. मुंबईच्या मोठ्या दालनातील नोकर कलम दाखवू शकतो; तलवाड्याच्या दुकानातील पोराने काय दाखवावे? त्याच्या बाजूने उभे राहण्यास गावाची लाज आणि गावाचा विवेक एवढीच दोन कलमे शिल्लक राहतात. ती लागू करणे गावाच्याच हाती आहे.

यावर व्यापारीबंधूंचे तीन आक्षेप येतील. पहिला असा की, हा जिल्हा ऊसतोड मजुरांचा; दिवाळीच्या सुमारास टोळ्या कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, तेव्हा ऐन वेळी त्यांस किराणा आणि कपडालत्ता कोण देणार? आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तर तारखांनीच देऊ. २०२४ साली भाऊबीज ३ नोव्हेंबरला होती, आणि राज्याचा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून सुरू झाला. २०२५ साली भाऊबीज २३ ऑक्टोबरला, आणि हंगाम १ नोव्हेंबरपासून. काही टोळ्या आधी निघतात हे खरे. पण मुकादमाकडून उचल घेऊन ज्यांचे प्रस्थान ठरलेले आहे, त्यांची खरेदी एका दिवसावर अडून राहत नाही. उलट आम्ही असे विचारतो की, जो मजूर पुढील पाच-सहा महिने पालात काढणार, आणि एक दिवस कामास चुकला तर ज्याच्या हिशेबात खाडा धरला जाणार, त्याची भाऊबीज दुकानाच्या पायरीवर जावी की बहिणीच्या ओसरीवर?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘मी एकट्याने दुकान बंद ठेवले तर गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे जाईल, शेजाऱ्याने ठेवले तर गेवराईस जाईल, आणि कोठेच गेले नाही तर फोनवरून माल मागवील.’ यातील फोनच्या बाजारास तलवाड्याचा दुकानदार आवरू शकत नाही; पण त्या बाजाराशी त्याची लढाई वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस चालते, ती एका भाऊबीजेने जिंकली जात नाही अथवा हरलीही जात नाही. राहिला शेजारी. तेथे उपाय उघड आहे: एकट्याने बंद ठेवू नये, सर्वांनी मिळून ठेवावे. सर्वांची दारे एकाच दिवशी मिटली म्हणजे कोणाचेच गिऱ्हाईक पळत नाही. बुधवारचे लुगडे मंगळवारी विकले जाते, इतकेच.

ही युक्ती आमच्या कल्पनेतील नव्हे. मुंबईच्या गिरणीकामगारांस आठवड्याची सुट्टी नव्हती, तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही संस्था काढून तिची मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. एखाददुसऱ्या गिरणीने नव्हे, मालकांच्या संघाने. गिरण्या त्यामुळे बुडाल्या नाहीत. इंग्लंडात १९११ च्या कायद्याने दुकानांतील नोकरांस आठवड्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली. आणि इंग्लंड व वेल्समधील मोठ्या दुकानांनी नाताळच्या दिवशी उघडू नये, असा कायदा २००४ साली तेथील पार्लमेंटने केला. लहान दुकानांस त्यातून मोकळीक आहे. ज्या इंग्रजास आम्ही दुकानदारांचे राष्ट्र म्हणून हिणविले, त्याने आपल्या दुकानदारीस वर्षातून एक दिवस लगाम घातला. स्वराज्य मिळविलेल्या राष्ट्रास आपल्या गावच्या पेठेपुरता तेवढा निश्चय करता येऊ नये काय?

तिसरा आक्षेप असा की, ‘आमचे नोकर आपण होऊन येतात, त्यांस पैसे हवे असतात, आम्ही दिवाळीची पोस्तही देतो.’ आम्ही वकिली पेशातील असल्याने ‘आपण होऊन’ या शब्दांची उलटतपासणी करण्याची आम्हांस सवय आहे. जो मनुष्य ‘नाही’ म्हणाला असता त्याची नोकरी दुसऱ्या दिवशी शाबूत राहिली असती काय? राहिली असती, तर त्याचा ‘हो’ खरा. नसती राहिली, तर ती संमती नव्हे, नाइलाज होय. आणि पोस्त ही मालकाची मर्जी आहे, वेतन हा नोकराचा हक्क आहे. मर्जीच्या नाण्याने हक्काचे देणे फिटत नाही. ज्यास खरोखरच पैशाची निकड आहे त्याने मुहूर्ताच्या दिवशी काम करावे व दुप्पट घ्यावे. त्यास आमची ना नाही.

आमच्या कृषिसंस्कृतीने तर या बाबतीत जगास धडा द्यावा अशी तिची परंपरा आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही बैलांचे खांदे हळद आणि तूप लावून मळतो. पोळ्यास त्यांच्या मानेवर जू ठेवीत नाही, त्यांस न्हाऊ घालतो, पुरणपोळीचा घास देतो. शेतातील काम कितीही खोळंबलेले असो, त्या दिवशी औत धरणारा शेतकरी गावात तोंड दाखवू शकणार नाही. हा नियम कोणत्या विधिमंडळाने केला? कोणत्याही नाही, गावाने केला आणि गावाने पाळला. मुक्या जनावरास जे गाव एक दिवस मोकळे सोडते, ते बोलत्या माणसास सोडीत नाही, यापरते दुर्दैव ते कोणते?

येथे आणखी एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. सण म्हणजे केवळ हिंदूंचाच सण नव्हे. दुकानात मुसलमान नोकर असेल तर ईदेचा दिवस त्याचा आहे. बौद्ध नोकर असेल तर १४ एप्रिलचा दिवस त्याचा आहे. कायद्याने ठरवावयाच्या चार सुट्ट्या मोकळ्या ठेवल्या, त्या याच शहाणपणाने. मुसलमान बंधूने पाडव्यास दुकान सांभाळावे, हिंदू सहकाऱ्याने ईदेस सांभाळावे. अशी अदलाबदल झाली तर दुकानही चालेल आणि शेजारधर्मही वाढेल. निरनिराळ्या धर्मांची माणसे एकाच गल्ल्यापाशी उभी राहतात, तेव्हा एकमेकांच्या सणाचा पहारा करणे हीच त्यांची राष्ट्रसेवा होय.

सारांश, तलवाड्याच्या व्यापारीबंधूंस व ग्रामपंचायतीस आमची सूचना चार कलमांची आहे. एक, भाऊबीजेच्या दिवशी सर्व दुकाने पूर्ण बंद असावीत. औषधाचे दुकान, दूध आणि प्रवाशांसाठी चहा-फराळ एवढ्यांस पाळीपाळीने मोकळीक असावी. दोन, मुहूर्ताच्या दिवशी आणि यात्रेत दुकाने खुशाल चालावीत. परंतु लक्ष्मीपूजन आणि पाडवा या दोन्ही दिवशी दिवेलागणीनंतर नोकरास दुकानात ठेवू नये. तीन, सणास काम करणाऱ्यास दुप्पट वेतन आणि त्याच महिन्यात बदली सुट्टी मिळावी, मग दुकानात दोन माणसे असोत की वीस. चार, कोणता नोकर कोणता सण घेणार, हे वर्षारंभीच कागदावर लिहून ठेवावे. हा ठराव दसऱ्यापूर्वी ग्रामसभेपुढे यावा आणि पंचायतीच्या फळ्यावर लागावा, म्हणजे गिऱ्हाइकांसही वेळेवर कळेल.

गिऱ्हाइकांचेही काही कर्तव्य आहेच. भाऊबीजेस सकाळी एखाद्या दुकानाचे अर्धे दार उघडे दिसले, तर आत शिरण्यापूर्वी प्रत्येकाने एवढाच विचार करावा की, समोर उभा असलेला हा मुलगा कोणाचा तरी भाऊ आहे. आपल्यास जे हवे आहे ते उद्याही मिळेल. त्याची बीज उद्या मिळणार नाही.