आधी पाने मोजा, मग फुले पाहा

कुंडीतल्या कढीपत्त्यावर हिरवीगार अळी दिसली, की आपण ती उचलून फेकून देतो. राहू दिली, तर तिचेच फुलपाखरू होते. या अळ्यांचे खाणे ठरलेले असते. कढीपत्ता, लिंबू, बेल अशा एकाच कुळातल्या झाडांची पाने त्यांना चालतात. शेजारच्या गुलाबाकडे त्या ढुंकूनही पाहत नाहीत.

अमेरिकेतली एक अळी याहून हट्टी आहे. ‘कार्नर ब्ल्यू’ या इंचभर रुंदीच्या निळ्या फुलपाखराची ही अळी रानात एकाच जातीच्या रोपाची पाने खाते. त्या रोपाचे नाव ल्युपिन. ‘लोलिता’ कादंबरीचे लेखक व्लादिमिर नाबोकोव्ह हे फुलपाखरांचे अभ्यासक होते. या फुलपाखराला शास्त्रीय नाव त्यांनीच दिले. १९९२ साली अमेरिकन सरकारने त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून केली.

ल्युपिन आपल्या वाटाणा-हरभऱ्याच्या कुळातले. फुले वाटाण्याच्या फुलांसारखी, पण उभ्या तुऱ्यात येणारी. पान काटेसावरीच्या पानासारखे: देठाच्या टोकाला एकाच बिंदूतून निघालेल्या अनेक छोट्या पर्णिका, जणू उघडलेला पंजा. ‘ल्युपिन’ हा शब्द लॅटिनमधल्या लांडग्याच्या नावावरून आला. हे रोप जमिनीचा कस लांडग्यासारखा खाऊन टाकते, अशी समजूत होती म्हणे. खरे तर हरभऱ्याप्रमाणे याच्याही मुळांवर गाठी असतात आणि त्यातून जमिनीला नत्रच मिळते.

आता खरी अडचण पाहा. जून महिन्यात अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या मेन राज्यात रस्त्यांच्या कडा निळ्या-जांभळ्या ल्युपिनने भरून जातात. लोक मुद्दाम फोटो काढायला जातात. पण हे ल्युपिन तिथले नव्हे! ते खंडाच्या पश्चिम भागातून बागेसाठी आणले गेले आणि कुंपणाबाहेर पसरले. मेनचे स्वतःचे ल्युपिन तिथल्या रानातून नाहीसे झाले आहे. पाहुण्या ल्युपिनवर कार्नर ब्ल्यूचे पोट भरत नाही. म्हणजे फुलांनी माळ भरलेला, आणि अळी मात्र उपाशी!

ओळखायचे कसे?

फुलांच्या रंगावर जाऊ नका. निळा-जांभळा रंग दोघांतही असतो. एक पान तोडून पर्णिका मोजा. पूर्वेकडच्या अस्सल रानटी ल्युपिनला (लुपिनस पेरेनिस) बहुधा सात ते अकरा पर्णिका असतात आणि त्या फार तर दोन इंच लांब असतात. पश्चिमेकडच्या ल्युपिनला (लुपिनस पॉलिफिलस) नऊपासून सतरापर्यंत असतात, आणि त्या बऱ्याच लांब असतात. ‘पॉलिफिलस’चा अर्थच मुळी ‘पुष्कळ पानांचा’!

नऊ, दहा, अकरा आकडा आला तर? मग एका पानावर निकाल देऊ नका. आणखी चार पाने मोजा आणि उंची पाहा. अस्सल रोप जेमतेम गुडघ्याएवढे, फार तर दोन फूट. त्याचा तुरा विरळ असतो आणि त्याला वाळूची, उघडी, उन्हाची जमीन आवडते. पाहुणे रोप तीन-चार फूट सहज वाढते आणि त्याचा तुरा गच्च भरलेला असतो. गुलाबी-पांढरी फुलेही मिसळलेली दिसली, तर ते पाहुणेच असण्याची शक्यता अधिक. दोघांचा संकरही होतो. त्यामुळे कधीकधी जाणकारांनाही विचार करावा लागतो.

उत्तर भारतातल्या बागांत हिवाळ्यात ल्युपिनची रोपे लावतात. हौसेने जरूर लावा. फक्त त्यांच्या बिया विषारी असू शकतात, म्हणून मुले आणि गुरे यांना जपा. आणि तुमचे कोणी आप्त पूर्व अमेरिकेत राहत असतील, अंगणात ‘फुलपाखरांसाठी’ ल्युपिन लावणार असतील, तर त्यांना एवढेच कळवा: बियांच्या पाकिटावर नुसते ‘ल्युपिन’ लिहिले असेल तर घेऊ नका, पुढचे नाव ‘पेरेनिस’ आहे ना, ते वाचा. आपल्या डोळ्यांना दोन्ही फुले सारखीच सुंदर दिसतात. अळीला मात्र त्यातले एकच चालते.