अनशापोटीची गोळी
पहूरहून फर्दापूरमार्गे अजिंठ्याचा घाट चढला की संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाची वाट. नाहीतर जळगावहून रात्रीची गाडी आणि परळचं टाटा. पण प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत उतरला की खरी कसोटी घरच्यांची. पुरुषी हॉर्मोन तोडणारं अ‍ॅबिराटेरॉन सुरू असेल तर गोळी अनशापोटी: आधी दोन तास काही नाही, नंतर तासभर काही नाही. डोळे उघडताच चहा लागणाऱ्या नानांना हे सांगणं डॉक्टरला सोपं, सुनेला अवघड. पहाटे चारला उठवून गोळी देणारी घरं मला शहाणी वाटतात. (जोडीचं प्रेडनिसोलोन मात्र खाऊनच.) पुरुषी हॉर्मोन तोडून हा रोग रोखायची वाट चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवली. त्याची किंमत म्हणजे ऐन पौषात नानांना घामाच्या धारा. गोधडी भिरकावली म्हणून कुणी रागावू नये. त्याहून अवघड असतं बोलणं. लघवीची तक्रार बाप मुलाला सांगत नाही, मुलगा विचारत नाही, आणि कंबर धरली तर ‘वय झालं’ म्हणून सगळे मोकळे. पण पाय अचानक लुळे पडू लागले किंवा लघवी तुंबली, तर मणक्यात मज्जारज्जू दाबला गेलेला असू शकतो. तिथे सोमवारच्या ओपीडीची वाट बघायची नाही, त्याच रात्री गाडी काढायची. आणि मॉर्फिन लिहून दिलं म्हणजे सगळं संपलं, असं समजून ते कपाटात दडवू नका. वेळच्या वेळी दिलं तर नाना ओट्यावर बसून कपाशीचा भाव विचारतील. फक्त सोबत पोट साफ होण्याचं औषध मागून घ्या, ते हमखास राहून जातं.