पहिला घोट कोण देतं?

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण इंजिनियरना उडवलं. दोघंही गेले. मुलगा दारू प्यायलेला होता असं पोलिसांचं म्हणणं. जामीन देताना त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, त्यावर पुढे किती विनोद फिरले ते तुम्हाला आठवत असेलच. मला मात्र निबंधापेक्षा रक्ताचं प्रकरण जास्त खुपलं. नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, मुलाच्या आईवडिलांनाही झाली. म्हणजे पोराने केलेलं निस्तरायला सगळी मोठी माणसं!

बड्या बापाचं पोर, असं म्हणून आपण मोकळे होतो. पोर्शे आपल्याकडे नाही, त्यामुळे विषय आपला नाही.

पण हळदीच्या रात्री गच्चीवर काय चालतं हो? (नातेवाईकहो, रागावू नका, नाव कुणाचंच घेत नाहीये.) दहावी झालेल्या भाच्याच्या हातात मामाच ग्लास देतो. "घे रे, बिअर म्हणजे काय दारू असते का?" सगळे हसतात. पोरगं तोंड वाकडं करतं, पण त्याच्या दृष्टीने तो त्या रात्री पुरुषांत बसलेला असतो. वाईट संगत वगैरे आपण नंतर शोधत बसतो.

२०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमानुसार अठराच्या आतल्या मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मामाला हे माहीत नसतं. माहीत असतं तरी तो हसलाच असता, कारण दारूचा कायदा हसण्यावारी न्यायची सवय आपल्याला फार जुनी आहे. आपल्याकडे कडक दारूसाठी वय पंचवीस, बिअरसाठी एकवीस. शिवाय पिणाऱ्याजवळ परवाना हवा, म्हणून तर 'परमिट रूम'. किती जणांनी तो परवाना डोळ्यांनी पाहिलाय? चोवीस वर्षांचा, स्वतः कमावणारा माणूसही व्हिस्की पिऊन गुन्हेगार ठरतो, तेव्हा बाकीची वयंही कुणी मनावर घेत नाही. खरी जपायची रेघ अठराची, तीही त्या गर्दीत पुसली जाते. माझ्या मते पंचवीसचा आकडा खाली आणावा आणि अठराचा मात्र जिवापाड पाळावा. पटणार नाही अनेकांना. असो.

पोरांचं वजन कमी, सवय नसते, आणि मागचापुढचा विचार करणारा मेंदूचा भाग पिकायला साधारण पंचविशी उजाडते. त्यात चढाओढीने पितात. पण मला सगळ्यात भीती वाटते ती नंतरच्या तासाभराची. एखादा भान हरपून पडतो, आणि घरी कळेल म्हणून मित्र कुणालाच फोन करत नाहीत. "झोपू दे, उतरेल" म्हणून उताणा टाकून देतात. तशा अवस्थेत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊन जीव जाऊ शकतो. त्याला कुशीवर वळवून, एकटं न सोडता, १०८ ला फोन करायचा असतो. हे शाळेत कुणी शिकवत नाही, घरी तर नाहीच.

भाच्याला मी सांगून ठेवलंय, तू असशील किंवा मित्र, रात्री कितीही वाजता मला फोन कर. मी येईन, त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही. सकाळी विचारीन. ताईला हे अजिबात पटलेलं नाही, तिच्या मते ही परवानगीच झाली. तिच्याशी वाद अजून चालू आहे.