सोन्याचा हात की नारळ?

चोर पोलिसांच्या हातावर तुरी देऊन पळाला असे आपण म्हणतो, तेव्हा तुरीचे दाणे शोधायला कुणी जात नाही. वाक्प्रचाराचा अर्थ सुट्या शब्दांत नसतो, हे मराठीत आपल्याला लहानपणीच कळते. इंग्रजीत मात्र आपण एकेक शब्द सोडवत बसतो आणि फसतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतले एक काका संध्याकाळी कंपनीचा कागद घेऊन आमच्याकडे आले. म्हणाले, "भाऊ, साहेब म्हणाले, गोल्डन हँडशेक देणार. नातू सांगतो, गोल्डन म्हणजे सोन्याचा आणि हँडशेक म्हणजे हात मिळवणे. सत्कार दिसतोय!" काकू तर पेढे आणायला निघाल्या होत्या. आम्ही कागद वाचला आणि जड मनाने सांगितले, "काका, मराठीत याला नारळ देणे म्हणतात."

गोल्डन हँडशेक म्हणजे एकरकमी पैसे देऊन माणसाला कामावरून मोकळे करणे. 1991 च्या नव्या आर्थिक धोरणानंतर स्वेच्छानिवृत्तीच्या योजना सर्वत्र पसरल्या आणि हा शब्द कामगारांच्या घरांत शिरला.

त्याच्यासोबत येणारे आणखी काही शब्दही समजून घ्या.

फाइन प्रिंट : इथे फाइन म्हणजे छान नव्हे, दंडही नव्हे. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेल्या अटी. खरी मेख तिथेच असते.

स्ट्रिंग्ज अटॅच्ड : दोऱ्या बांधलेल्या नव्हेत, तर देण्यामागे घातलेल्या अटी.

इन ब्लॅक अँड व्हाइट : काळ्या पैशाशी याचा संबंध नाही. पांढऱ्यावर काळे, म्हणजे लेखी. साहेबांचे तोंडी आश्वासन असे लेखी मागून घ्यावे.

साइन ऑन द डॉटेड लाइन : टिंबांच्या रेघेवर सही करणे, म्हणजेच सगळ्या अटी मान्य करणे.

काकांनी त्या दिवशी सही केली नाही. युनियनच्या माणसाला सोबत नेले. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी हे हक्काचे पैसे या रकमेतच धरले आहेत की वेगळे मिळणार, हे विचारले. हिशेब लेखी घेतला आणि घरात चार दिवस विचार करून मगच काय ते ठरवले. नोकरी गेलीच; पण काका म्हणतात, "सही केली ती समजून केली."

नातवाची चूक नव्हती. त्याला शब्द शिकवले होते, वापर शिकवला नव्हता. म्हणून आईवडिलांना आमची विनंती आहे. मुलांना एक वही करून द्या. रोज एक इंग्रजी वाक्प्रचार, त्याचा अर्थ, त्याच्या जोडीचा मराठी वाक्प्रचार आणि स्वतः बनवलेले एक वाक्य त्यात लिहू द्या. रात्री जेवणानंतर ती वही मोठ्याने वाचून घ्या. म्हणजे घरातली मोठी माणसेही शिकतील.