उसने केस आणि फुकटची लाज

गंगावन हा शब्द आता मुलींना माहीत नसतो. त्या एक्स्टेन्शन म्हणतात. वस्तू मात्र तीच. आपले केस कमी पडले की त्यांत बाहेरचे केस मिसळायचे, वेणी जाड करायची, अंबाडा भरगच्च दिसेल असा बांधायचा. जुन्या बायकांच्या फणेरपेटीत कुंकवाचा करंडा, मेणाची डबी आणि लाकडी फणी यांच्या शेजारी कापडात गुंडाळलेले गंगावन असायचे. विंचरताना निघालेल्या केसांना गुंतवळ म्हणतात. तीही कुणी टाकून देत नसे, भिंतीच्या फटीत जपून ठेवत. मग "केसांवर फुगेsss" अशी आरोळी आली की पोरे ती घेऊन धावत सुटायची. तेव्हा केसांचा हा व्यवहार आपल्याला काही नवा नाही, आणि परका तर मुळीच नाही.

मग आता गंगावन म्हटले की आवाज का खाली येतो?

माझे भांडण दोघांशी आहे. एक, हे कृत्रिम केस विकताना त्यांच्या आयुष्याबद्दल थापा मारणारे. आणि दुसरे आपण सगळे, जे या वस्तूला लाजिरवाणी ठरवतो. माझे म्हणणे असे, की पहिल्यांचे दुकान दुसऱ्यांच्या जिवावर चालते. उघडपणे चार प्रश्न विचारता येत नाहीत अशी वस्तू घेणाऱ्याला कुणीही फसवू शकतो.

अमरावतीत एका दुकानात एका भाचीबरोबर मी गेले होते. दुकानाचे नाव सांगत नाही, कारण गोष्ट एका दुकानाची नाही. तिने विचारले, "किती दिवस टिकते हो?" उत्तर आले, "काही होत नाही ताई, वर्षानुवर्षे वापरा." मी विचारले, "कशाचे आहे?" तर म्हणे, "ओरिजिनल आहे काकू." ओरिजिनल काय? ओरिजिनल नायलॉन? तेवढ्यात आणखी दोन गिऱ्हाइके आत आली आणि आमच्या भाचीने घाईघाईने पैसे देऊन पिशवी पर्समध्ये कोंबली. पुढचा प्रश्न तिथेच मेला. दुकानदाराला आणखी काय हवे?

तर आता जे दुकानदार सांगत नाहीत ते मीच सांगते. चाळीस मुलांच्या वर्गाला तीच गोष्ट तीन-तीनदा सांगायची सवय आहे, कंटाळा येत नाही.

बाजारात स्वस्तात मिळणारे बहुतेक केस हे प्लास्टिकच्या जातीचे धागे असतात. कधी मोडॅक्रिलिक, कधी पॉलिएस्टर, कधी पीव्हीसी किंवा नायलॉन. चिमटे लावून घालायचे असे केस रोज वापरले तर एक ते तीन महिने टिकतात. फक्त लग्नकार्याला, सणावाराला वापरले आणि नीट ठेवले तर सहा महिने, फार तर वर्ष. वेणीत घट्ट गुंफून ठेवायचे असतील तर सहा ते आठ आठवड्यांत सोडवावेत, कारण तोवर आपले केस वाढतात, गुंता होतो आणि मुळांवर ओढ बसते. माणसाच्या खऱ्या केसांचे गंगावन महाग असते, पण ते नीट राखले तर सहा महिने, वर्ष, कधी त्याहूनही जास्त चालते. "आयुष्यभर" चालणारे कृत्रिम केस नाहीत. कुणी तसे म्हणत असेल तर त्याला बिलावर लिहून द्यायला सांगा. पाहा लिहितो का!

खरे की खोटे हे ओळखायचे असेल तर एकच केस चिमट्यात धरून, खाली पाण्याची वाटी ठेवून, पेटवून पाहावा. माणसाचा केस जळताना पीस जळाल्यासारखा वास येतो आणि हाताने चुरडली जाईल अशी राख उरते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याची कडक गोळी होते. दुकानात शक्य नसेल तर घरी करावे. निदान पुढच्या वेळी कुणाच्या "ओरिजिनल"वर विश्वास ठेवायचा ते तरी कळेल.

आता निगा. आपल्या डोक्यावरच्या केसांना मुळातून तेल मिळत राहते. या धाग्यांना ते मिळत नाही आणि वरून लावलेले तेल ते पितही नाहीत. म्हणून आपल्याकडची खोबरेल तेलाची सवय इथे उपयोगाची नाही. तेलावर वऱ्हाडातली धूळ बसते आणि दोन दिवसांत त्याची चिकट दोरी होते. दहा-पंधरा वेळा वापरून झाले की बादलीभर गार पाण्यात थोडा सौम्य शांपू घालून त्यात बुडवावे, चोळू नये, पिळू नये. स्वच्छ पाण्यातून काढून टॉवेलमध्ये दाबावे आणि सावलीत, वाऱ्यावर टांगावे. पूर्ण वाळल्यावरच विंचरावे, तेही विरळ दातांच्या फणीने, टोकाकडून सुरुवात करून हळूहळू वर येत. वरून फणी ओढली तर गाठी खाली जाऊन घट्ट बसतात आणि धागे तुटतात.

कढत पाणी, इस्त्रीसारखी यंत्रे आणि गरम हवा यांनी साधा कृत्रिम धागा आखडतो किंवा त्याचा आकारच बदलतो. उष्णता सहन करणारे धागे निराळे मिळतात, पण तसे पाकिटावर छापलेले असेल तरच विश्वास ठेवावा, आणि तिथे दिलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ नये. अकोल्याच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे असताना, गच्चीवर उन्हात वाळत घालणे किंवा पत्र्याच्या पेटीत ठेवणे टाळावे. रात्री झोपताना काढून ठेवावे. आणि महत्त्वाचे म्हणजे स्वयंपाकघरात गॅसपाशी, दिवाळीत पणत्यांपाशी, आरतीच्या ताटावर वाकताना जपावे. हा धागा पेटला की वितळून कातडीला चिकटतो. पाकिटातून काढताना उग्र वास आला तर न धुता डोक्याला लावू नये. २०२५ साली अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकांच्या संस्थेने वेणीत गुंफायच्या कृत्रिम केसांचे १० नमुने तपासले, त्यांत कर्करोगाशी संबंध असलेली रसायने सापडली आणि बहुतेकांत शिसेही निघाले. आपल्याकडच्या बिननावाच्या पाकिटांवर तर कशाचे बनले आहे इतकेही छापलेले नसते.

आता माझा खरा मुद्दा. ही निगा राखण्यात अवघड काय आहे? काहीच नाही. साडी जपणारी बाई हेही सहज जपू शकते. तरी ती जपत नाही, कारण तिला ते लपवायचे असते. धुतले तर वाळत कुठे घालायचे? दोरीवर घातले तर शेजारीण पाहील. म्हणून धुवायचेच नाही, नाहीतर न्हाणीघरात ओलेच गुंडाळून ठेवायचे. सासरी रात्री काढायचे कसे? म्हणून घालूनच झोपायचे. कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून चिमटे करकचून, रोज त्याच जागी लावायचे. मग तीन महिने टिकणारी वस्तू तीन आठवड्यांत जाते. त्याहून वाईट म्हणजे रोजच्या ओढीने कपाळाजवळचे, कानामागचे खरे केसही विरळ होतात. ओढ फार दिवस चालू राहिली तर ते परत येतही नाहीत. म्हणजे जे लपवायचे होते ते वाढले, आणि आणखी एक गंगावन घ्यायची वेळ आली! लाजेचे हे चक्रवाढ व्याज सावकारालाही जमले नसते.

ही लाज कुठून आली ते पाहायला लांब जायला नको. अकोल्याहून रेल्वेने तासाभराच्या आत शेगाव येते. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये त्या शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड अशा गावांत लोकांचे केस झपाट्याने गळू लागले. आधी खाज, मग केस हातात, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. १८ गावांतल्या २७९ जणांना हा त्रास झाला. लहान मुले होती, कॉलेजच्या मुली होत्या, म्हातारी माणसे होती. आपला भाग खारपाणपट्ट्याचा, म्हणून आधी पाण्यावर संशय गेला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके आली. विंचूदंशावरच्या कामासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तिथे जाऊन रक्त, लघवी, केस आणि गहू यांचे नमुने तपासून घेतले आणि रेशनच्या गव्हातले जास्तीचे सेलेनियम हे कारण असल्याचे मांडले. पुढे काहींचे केस परत उगवू लागले. मग एप्रिल २०२५ मध्ये त्याच भागात नखे गळण्याच्या बातम्या आल्या.

विचार करा. ताटातल्या पोळीमुळे केस गेले. त्यात त्या मुलींचा दोष तो काय? पण बातम्या काय होत्या? मुलींनी कॉलेजला जाणे सोडले. ठरलेली लग्ने मोडली. रेशनचा गहू कुठून आला, कुणी तपासला, हे विचारायच्या ऐवजी आपण वऱ्हाडी माणसांनी मुलीच्या डोक्याकडे पाहिले! "काहून वं बाई, इचे केस खरेच हायेत काय?" हा प्रश्न बघण्याच्या कार्यक्रमात आजही पाठीमागून कुजबुजत येतो. नवऱ्या मुलाचे कपाळ मागे डोक्यापर्यंत गेलेले असले तरी त्याला कुणी विचारत नाही. टक्कल हे म्हणे पुरुषाला भाग्याचे लक्षण!

यावर कुणी म्हणेल, "बाई, खोटे केस लावून लग्न जमवणे ही फसवणूक नाही का?" प्रश्न रास्त आहे. लपवून जमवलेले लग्न मलाही पटत नाही. पण उपाय काय? मुलीने उघड सांगावे, आणि ऐकणाऱ्याने ते चष्म्याच्या नंबरइतके साधे समजावे. यातले पहिले व्हायचे तर दुसरे आधी व्हावे लागेल. खरे सांगितले की नकार मिळणार अशी व्यवस्था आपणच करायची आणि मग खोटे बोलली म्हणून तिलाच नावे ठेवायची, हा कुठला न्याय? कवळी लावणाऱ्याला आपण फसवा म्हणत नाही. मोतीबिंदूनंतर डोळ्यात बसवलेले भिंग कृत्रिमच असते, त्याची लाज कुणाला वाटत नाही.

दुसरा आक्षेप असा, की आहे ते देवाने दिले, त्यात समाधान मानावे, प्लास्टिक कशाला? ज्यांना तसे राहायचे त्यांनी अवश्य राहावे. विरळ केसांची छोटी वेणी मलाही सुंदर वाटते. प्लास्टिकचा कचरा वाढतो हेही खरे, आणि म्हणून तर एक गंगावन नीट जपून जास्त दिवस वापरावे असे मी म्हणते. पण हा समाधानाचा उपदेश नेमका बाईलाच का? किमोथेरपी सुरू झाली की दोन-तीन आठवड्यांत केस गळायला लागतात. आपल्याकडच्या कितीतरी बायका उपचारासाठी नागपूरच्या तुकडोजी कर्करोग रुग्णालयात जातात. उपचार संपल्यावर केस परत येतात, पण मधल्या काही महिन्यांत त्या बाईला चारचौघांत टोप घालून जावेसे वाटले तर तिला समाधान शिकवणारे आपण कोण?

बाईच्या केसांवर समाजाने हक्क सांगणे जुनेच आहे. नवरी असताना केस लांबसडक पाहिजेत, आणि नवरा गेला की त्याच केसांवर वस्तरा! उच्चवर्णीय विधवांचे केशवपन आपल्या महाराष्ट्रात किती काळ चालले. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केस कापणार नाही म्हणून संप केला. शिकल्यासवरल्या घरांना जे कळले नाही ते वस्तरा हातात असणाऱ्यांना कळले, आणि हातचे काम सोडून त्यांनी ते केले. वस्तरा गेला, हक्क मात्र गेला नाही. तो आता नजरेत येऊन बसला आहे.

म्हणून मागणे थोडेच आहे. विकणाऱ्यांनी धागा कशाचा, किती महिन्यांचा आणि उष्णता सोसणारा की नाही, हे पाकिटावर मराठीत छापावे, बिलावर लिहावे. घेणाऱ्यांनी दुकानात मोठ्या आवाजात विचारावे, इतर गिऱ्हाइके ऐकत असतील तर फारच उत्तम, त्यांनाही कळेल. घरच्यांनी त्या बाईला एक खुंटी द्यावी, न्हाणीघराच्या आत नव्हे, वऱ्हांड्यात, सावलीत, चारचौघांना दिसेल अशी. आणि शेजारणीने ते वाळताना पाहिलेच, तर एवढेच विचारावे, "कुठून घेतलं वं? किती दिवस चाललं?"